संशोधनाचा निधी आणि शेतकऱ्याचा वाटा : वाचकांचे प्रश्न

शाश्वत शेतीसाठी महाविद्यालये, कृषी विद्यापीठे, कंपन्या आणि शेतकरी गट यांनी मिळून करायच्या संशोधनाला पैसा कोठून मिळतो आणि मिळालेला पैसा कोणाच्या हाती कसा जावा, याविषयी ठाणे जिल्हा व नवी मुंबई परिसरातून या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मूळ पत्रे मोठी असल्याने प्रश्नांचा फक्त गाभा घेतला आहे.

प्रश्न : आमचा भात उत्पादकांचा गट आहे. नवी मुंबईतील एका महाविद्यालयाने आमच्यापुढे संयुक्त प्रकल्पाचा प्रस्ताव ठेवला आहे. राब (रोपवाटिकेच्या जागेवर जाळायचा पालापाचोळ्याचा थर) न भाजता रोपे तयार करणे, गादीवाफ्यावर थेट टोकणणी करणे (उंच वाफ्यावर बी सरळ टोचून पेरणे) आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या खताच्या गोळ्या) वापरणे, या तीन पद्धतींची आमच्या खाचरांत तीन वर्षे तुलना करायची आहे. निधीसाठी अर्ज ते करणार आहेत. आमच्याकडून फक्त संमतिपत्र मागितले आहे. सही करावी का?
– एका शेतकरी गटाचे सचिव, मुरबाड

उत्तर : सहभागी जरूर व्हा, पण नुसत्या संमतिपत्रावर सही करून नव्हे. आधी महाविद्यालयाकडून प्रस्तावाची पूर्ण प्रत अंदाजपत्रकासह मागून घ्या आणि ती गटाच्या बैठकीत वाचा. संमतिपत्र देणारा गट कागदोपत्री केवळ प्रयोगाची जागा पुरवणारा ठरतो. त्याला निधीत वाटा नसतो, आराखड्यात मत नसते आणि पीक बुडाले तर नुकसान कोणी सोसायचे, याचा उल्लेखही त्या कागदावर नसतो. तुम्हाला भागीदार व्हायचे असेल तर सामंजस्य करार हवा आणि अंदाजपत्रकात गटाच्या नावाने स्वतंत्र तरतूद हवी.

ही मागणी अवाजवी नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००६ ते २०१४ या काळात राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्प राबवला, तेव्हा संशोधनाचा निधी एकेका संस्थेला न देता संस्थांच्या समूहाला देण्याची पद्धत देशभर रुळली. एक प्रमुख संस्था, तिच्यासोबत इतर सहभागी संस्था, प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र अन्वेषक आणि प्रत्येकीचे वेगळे अंदाजपत्रक, अशी ती रचना होती. स्वयंसेवी संस्था आणि खासगी कंपन्याही त्या समूहांत होत्या. तुमची खाचरे, तुमचा खरीप आणि तुमचे मनुष्यबळ तीन वर्षे पणाला लागणार असेल, तर प्रस्तावातील तुमचे स्थान सहभागी संस्थेच्या बरोबरीचे असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गट शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था म्हणून नोंदलेला असेल तर त्याच्या खात्यात निधीचा हिस्सा घेणे सोपे जाते. नोंदणी नसेल तर प्रमुख संस्थेने प्रत्येक शेतकऱ्याच्या बँक खात्यात ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेपर्यंत जमा करावी, असे कलम करारात घालून घ्या.

पैशाच्या आधी मात्र प्रयोगाच्या आखणीकडे पाहायला हवे, कारण तुम्ही कळवलेल्या आखणीत एक मूलभूत अडचण दिसते. या तीन पद्धती एकमेकींना पर्याय नाहीत. राब न भाजणे ही रोपवाटिकेची बाब आहे. गादीवाफ्यावर थेट टोकणणी केली तर रोपवाटिकेची गरजच उरत नाही. ब्रिकेट ही खत देण्याची रीत आहे आणि ती लावणीच्या भातात चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल पुरावी लागते, म्हणजे तिच्यासाठी लावणी दोरीवर, ठरावीक अंतराने झालेली असणे आवश्यक आहे. तिन्हींचे उत्पन्न शेजारी शेजारी मांडले तर फरक रोपांमुळे पडला, लावणी टाळल्यामुळे पडला की खतामुळे पडला, हे कोणालाच सांगता येणार नाही. रोपवाटिकेचा प्रयोग वेगळा ठेवावा, आणि लावणी व टोकणणी यांच्या तुलनेत खताची मात्रा दोन्हीकडे सारखी ठेवावी, असे महाविद्यालयाला सुचवा. प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात, त्याच खाचरात, त्याची नेहमीची पद्धतही एका तुकड्यात चालू राहिली पाहिजे. नवी पद्धत विहिरीजवळच्या कसदार जमिनीत आणि जुनी पद्धत हलक्या वरकस जमिनीच्या कडेला, अशी वाटणी झाली तर तीन वर्षांचे कष्ट वाया जातील.

राबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण संशोधकाने शेतकऱ्याचे आधी का ऐकून घ्यावे, ते या उदाहरणात स्वच्छ दिसते. शेण, पालापाचोळा, ऐन-किंजळ या झाडांचा टाहाळ (छाटलेल्या डहाळ्या), गवत आणि वर मातीचा पातळ थर असा राब रचून उन्हाळ्यात भाजला जातो. यात झाडे छाटली जातात, धूर होतो आणि शेतात कुजून खत झाले असते असे सेंद्रिय द्रव्य जळून जाते, हे सर्व खरे आहे. पण शेतकरी राब भाजतो त्याला कारणे आहेत. वरच्या थरातील तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि माती भुसभुशीत झाल्यामुळे रोपे मुळे न तुटता उपटली जातात. भर पावसात, वाकून, दिवसभर रोपे उपटणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा असतो. राबाला पर्याय शोधणाऱ्या प्रकल्पाने फक्त रोपांची उंची आणि भाताचे उत्पन्न मोजले, आणि बेणणीला व रोपे उपटायला किती मजूर-दिवस लागले हे मोजले नाही, तर अहवाल कितीही चांगला छापला गेला तरी गावात राब भाजणे चालूच राहील. म्हणून कोणत्या गोष्टी मोजायच्या याची यादी ठरवताना गटातील स्त्रियांना बैठकीत बसवा. हीच गोष्ट गादीवाफ्याच्या पद्धतीची. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात, मुळे जमिनीतच राहतात आणि मातीचा पोत सुधारतो. पण तणासाठी तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. प्रकल्प शाश्वत शेतीच्या नावाने होणार असेल तर तणनाशकाचा खर्च आणि त्याचा मातीवरील परिणाम यांची नोंदही त्यात हवी.

आता तरतुदींविषयी. संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात साधारणपणे मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, किरकोळ खर्च आणि संस्थेचा अधिभार (संस्था आपल्या सर्वसाधारण खर्चापोटी घेते ती रक्कम) ही शीर्षे असतात. शेतकऱ्यासाठी वेगळे शीर्ष बहुधा नसते. ते मागून घ्यावे लागते. लावणीच्या दिवसांत गावात चालू असलेल्या दराने जादा मजुरी, प्रयोगाच्या तुकड्यात नेहमीपेक्षा पीक कमी आले तर भरपाई आणि नोंदी ठेवण्यासाठी गावातीलच बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला मानधन, या तीन गोष्टींवर अडून बसा. भरपाई कशी मोजायची हे आधीच लिहून घ्या; शेजारच्या नेहमीच्या तुकड्याचे उत्पन्न हे माप सर्वांत सोपे आहे. नोंदवही मराठीत असावी, तिची एक प्रत गटाकडे राहावी आणि निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वी गावात वाचले जावेत.

प्रश्न : आमचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पनवेल-उरण भागातील खारभूमीतील भातशेतीवर काम करण्याची विभागातील सहकाऱ्यांची इच्छा आहे. एकदा प्रस्ताव पाठवला, तो कृषी शास्त्रज्ञांचा सहभाग नसल्याच्या कारणाने परत आला. कोणत्या निधीकडे वळावे?
– प्राध्यापिका, वाशी

उत्तर : परत येण्याचे कारण रास्त होते, असेच म्हणावे लागेल, आणि त्यावरचा उपाय आपल्यापासून अगदी जवळ आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे. क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या भाताच्या जाती तेथूनच आल्या. भाताचे प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतला आहे. या दोहोंपैकी एका केंद्राशी निधीचा विचार मनात येण्यापूर्वीच बोलायला हवे होते. निधीची जाहिरात निघाल्यावर आठवड्याभरात जमवलेली भागीदारी तज्ज्ञ समितीच्या लगेच लक्षात येते.

आपण तेथे काय घेऊन जाल, हा खरा प्रश्न आहे. जाती निर्माण करण्याचे काम ते केंद्र करतच आहे. खाजणातील (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील) शेतकऱ्याची अडचण मात्र निम्मी बियाण्याची आणि निम्मी पाण्याची असते. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे क्षार ओलाव्याबरोबर केशाकर्षणाने वर येतात, पहिले मोठे पाऊस ते धुऊन नेतात आणि त्यानंतरच रोप तग धरते. भरतीचे पाणी अडवणारा बाहेरचा बांध फुटला किंवा उघाडीची (बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची) झडप नादुरुस्त झाली तर उभ्या पिकात खारे पाणी शिरते आणि त्या हंगामापुरती कोणतीही जात उपयोगी पडत नाही. क्षारता केव्हा किती होती, क्षार धुऊन जाण्यासाठी किती पाऊस लागला, उघाडीच्या आतील व बाहेरील पाण्याची पातळी काय होती, याच्या सलग नोंदी मिळाल्या तर लावणीची तारीख ठरवणे आणि उघाडीची दुरुस्ती मागणे या दोन्ही गोष्टींना आधार मिळतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला चार डेसिसायमनच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. ही मोजणी स्वस्तात, सातत्याने आणि भरतीच्या वेळापत्रकाशी जोडून करणे हे अभियंत्यांचे काम आहे, आणि ते कृषी केंद्राला एकट्याने करणे अवघड जाते. प्रस्तावात हे लिहिले की भागीदारीचे कारण आपोआप स्पष्ट होईल. बांधांच्या सामूहिक देखभालीची जुनी शिलोत्र पद्धत ज्यांना आठवते अशी वयस्कर मंडळी त्या गावांत आहेत, तोवर त्यांच्याशीही बोलून घ्या.

निधीच्या वाटा अनेक आहेत, पण सगळीकडे एकच प्रस्ताव पाठवण्यात अर्थ नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कृषी विज्ञान निधी मूलभूत आणि धोरणात्मक संशोधनासाठी आहे. तेथे आधी संकल्पना टिपण आणि ते पसंत पडल्यावर सविस्तर प्रस्ताव, असा क्रम असतो. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने जुन्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची जागा घेतली आहे आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट त्याच्यापुढे आहे. तेथे विज्ञानातील नावीन्य सिद्ध करावे लागते. आपला विषय गावाच्या पातळीवरचा, उपयोजित आहे. त्यासाठी राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि नाबार्डचा कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधी मला अधिक जवळचे वाटतात. नाबार्डचा हा निधी २०१४ मध्ये दोन जुने निधी एकत्र करून तयार झाला आणि नव्या तंत्राची प्रायोगिक अंमलबजावणी हाच त्याचा हेतू आहे. तेथे जिल्हा विकास व्यवस्थापकांना आधी भेटणे उपयोगाचे ठरते. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या उन्नत महाराष्ट्र अभियानातून, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी परिसरातील पाणी व शेतीचे प्रश्न अभ्यासावेत अशी वाटही घालून दिलेली आहे. तेथील अभ्यासपद्धती आपल्या विद्यार्थ्यांना पायाभूत सर्वेक्षणासाठी चालेल.

दोन वेगळ्या विद्यांच्या संस्था नीट जोडल्या गेल्या की काय निघते, याचे उदाहरण आपल्या खाडीपलीकडेच आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे किरणोत्साराने उत्परिवर्तन घडवण्याचे तंत्र होते, कोकण कृषी विद्यापीठाकडे कोकणची माती आणि चाचणीची शेते होती; दोघांच्या कामातून ट्रॉम्बे कोंकण टपोरा हा मोठ्या दाण्याचा भुईमूग आला. दोघांनाही एकमेकांवाचून हे करता आले नसते.

प्रश्न : आमच्या महिला गटाने भात, नाचणी आणि वरईचे जुने वाण जपले आहेत. एका संशोधन संस्थेने मोठ्या प्रकल्पासाठी प्रत्येक वाणाचे बियाणे मागितले आहे. बियाणे दिल्यावर आमचा हक्क राहतो का?
– महिला बचत गट, शहापूर

उत्तर : ताई, बियाणे देण्याआधी तीन कामे करा. वाणाची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या. प्रत्येक वाणाचे गावातील नाव, तो कोणाकडून आला, कोणत्या जमिनीत येतो, किती दिवसांत तयार होतो आणि कशासाठी आवडतो, हे लिहून त्यावर गटाच्या सह्या घ्या. आणि बियाणे सोपवताना लेखी करार करा, ज्यात ते कोणत्या कामासाठी दिले, पुढे तिसऱ्या कोणाला देता येईल का आणि त्यातून काही जात निर्माण झाली तर गटाचे नाव व लाभातील हिस्सा कसा राहील, हे स्पष्ट असेल.

कायदा तुमच्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे जपण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क आहे. शेतकऱ्यांच्या वाणाची त्या कायद्याखाली नोंदणी करता येते आणि तिला शुल्क नाही. वाण जपणाऱ्या समूहांसाठी त्याच कायद्याखालील प्राधिकरणाचे पुरस्कारही आहेत.

या काळजीचे कारण आपल्या राज्यातच घडून गेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी भाताच्या शेतात दिसलेल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून एचएमटी हा वाण तयार केला. तो कित्येक गावांत पसरला. पुढे कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने जात प्रसारित केली आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला, पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या घरी संपत्ती नव्हती. त्या काळी त्यांच्या हाती कोणताही लेखी कागद नव्हता. तुमच्या हाती तो असायला हवा.

म्हणून प्रकल्पाला नकार द्या असे मी म्हणत नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले, त्यात स्थानिक पीक वाणांचे जतन हा एक विषय आहे. असे काम शास्त्रज्ञांच्या मदतीशिवाय पुढे जात नाही. बियाण्याची शुद्धता, उगवणक्षमता आणि पोषणमूल्य यांची तपासणी प्रयोगशाळेतच होते. तपासणीचे निकाल गटाला लेखी मिळावेत, ही अट मात्र घाला.

प्रश्न : मी अभियंता आहे. भाजीपाल्याच्या शेतीसाठी मातीतील ओलावा सांगणारे स्वस्त उपकरण तयार केले आहे. पुढील चाचण्यांसाठी अनुदान मिळेल का?
– वाचक, घोडबंदर मार्ग, ठाणे

उत्तर : राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या नवोन्मेष व कृषी उद्योजकता घटकाखाली कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख रुपयांपर्यंत आणि बीजभांडवलाच्या टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची सोय २०१८-१९ पासून झाली. पहिल्यात दहा टक्के आणि दुसऱ्यात पंधरा टक्के वाटा उद्योजकाने स्वतः घालायचा असतो. अर्ज थेट मंत्रालयाकडे नव्हे, तर मान्यताप्राप्त कृषी उद्योग संवर्धन केंद्रामार्फत करतात. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था त्यांपैकी एक आहे आणि ठाण्याहून ती गाठणे अवघड नाही. अर्जापूर्वी शहापूर किंवा मुरबाडच्या भेंडी उत्पादकांकडे उपकरण एक उन्हाळा वापरायला द्या. तेथील तांबूस, मुरमाड जमिनीत आणि काळ्या जमिनीत एकाच ओलाव्याला वेगवेगळे आकडे येतील. मातीनुसार अंशांकन केल्याखेरीज (आकडे त्या मातीशी जुळवून घेतल्याखेरीज) उपकरण दिशाभूल करते आणि शेतकरी ते दुसऱ्या वर्षी बाजूला ठेवतो.

प्रश्न : आमची धर्मादाय संस्था नैसर्गिक शेतीवर काम करते. परदेशातील एक विद्यापीठ संयुक्त संशोधनासाठी आम्हाला रक्कम देऊ इच्छिते. त्यातील काही भाग आम्ही गावातील दुसऱ्या छोट्या संस्थेला देणार आहोत. शेजारच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कंपनीनेही मदतीची तयारी दाखवली आहे. काय पाहावे?
– विश्वस्त, ऐरोली

उत्तर : परदेशी रकमेचा बेत आहे तसा चालणार नाही. विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी असल्याखेरीज रक्कम घेता येत नाही, ती भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही वीस टक्क्यांवर आली आहे. गावातील संस्थेचे काम प्रकल्पाला आवश्यक असेल तर तिच्यासाठी निधी देशातूनच उभा करा.

तेथे कंपनीचा प्रस्ताव उपयोगी पडेल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. माती व पाण्याची गुणवत्ता राखणे आणि ग्रामविकास हे दोन्ही विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत; भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांना आणि सरकारी विद्यापीठांना संशोधनासाठी दिलेली रक्कमही त्यात धरली जाते. रक्कम घेणाऱ्या संस्थेकडे आयकर कायद्याची १२अ व ८०जी (करसवलतीची) नोंदणी, सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी घेण्यासाठीची) नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. कंपन्या बहुधा एका आर्थिक वर्षापुरता विचार करतात, आणि भातावरचा कोणताही निष्कर्ष एका पावसाळ्यावर काढणे धोक्याचे आहे, म्हणून बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजुरी मागा; नियमांत तशी सोय आहे.

सरकारी अनुदान पुढे कधी मिळाले तर त्यासाठी बँकेत वेगळे खाते ठेवा. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार त्या रकमेवर मिळालेले व्याज सरकारला परत करायचे असते, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. अनेक प्रकल्पांत हा हप्ता नेमका जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर अडकतो. मार्च संपताच लेखापालांना बसवा आणि एप्रिलमध्येच हिशेब पाठवा.